धाकटा भाऊ मे महिन्यात बेळगावला रिपोर्ट करतोय, राहिलेल्या दिवसांत काय तयारी करावी?

जुळे_सोलापूर_ताई

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ अग्निवीर जनरल ड्युटीला लागला. मेरिटला नाव आलं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर मिळालं, मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला हजर व्हायचंय. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. आमच्या घरातून फौजेत आजवर कुणी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

हातात अजून सहा-सात आठवडे आहेत. अकॅडमीतले सर म्हणतात, आता तर जोर वाढवायचा. रोज दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर, पाठीला वाळूची पिशवी, आणि गेल्या काही दिवसांपासून पायात जाड बूट. "तिथं जाऊन लाज वाटायला नको" असं त्याला सांगितलंय. तो पहाटे साडेचारला निघतो आणि आला की आडवा होतो. मला काळजी वाटते, पण मी त्यातली नाही. ज्यांनी सेंटरची ट्रेनिंग केलीय त्यांनी सांगा, तिथं नेमकं काय असतं आणि घरून काय तयारी करून पाठवावं?

निवृत्त_सुभेदार_बार्शी

ताई, आधी तुमच्या आईवडिलांचं अभिनंदन. मी मराठा लाइट इन्फंट्रीतूनच निवृत्त झालो, काही काळ सेंटरला ट्रेनिंग कंपनीत रंगरूट घडवायचं काम केलं. सविस्तर लिहितो.

भरतीचं मैदान वेगळं आणि सेंटर वेगळं. भरतीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० गुण, दहा बीम (पुल-अप्स) मारले की ४० गुण, खेळ संपला. सेंटरला कुणी तुम्हाला साडेपाच मिनिटांसाठी बोलवत नाही. पहाटेपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत पोरगा पायावर असतो. पीटी, नाश्ता, ड्रिल, मग हत्यार, मग क्लास, संध्याकाळी खेळ, मध्येच फटीग (साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामं), आणि या सगळ्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं तेही डबल मार्चने, म्हणजे पळतच. अग्निवीरांची ट्रेनिंग ३१ आठवड्यांची आहे, पहिले १० बेसिक आणि पुढचे २१ ॲडव्हान्स. दमसास सगळ्यांचाच तयार होतो, उस्ताद लोक (ट्रेनिंग देणारे) तो करून घेतातच. पोरं मागं पडतात ती पायामुळे आणि झोपेमुळे.

पहिल्या आठवड्यात पळापळ कमी आणि कागदपत्रं, परत मेडिकल, लसी, केस कापणं, किट मिळणं हेच जास्त असतं. काळी पेटी मिळते. तिच्यात काय कुठं ठेवायचं, बिस्तर कसं लावायचं, मच्छरदाणीची घडी कशी, बुटाला पॉलिश कसं, हे सगळं ठरलेलं. घरी आईने ताट वाढून दिलेलं, बहिणीने कपडे धुतलेले, अशा पोराला इथंच पहिला धक्का बसतो. म्हणून माझं सांगणं असं की आजपासून त्याचे कपडे त्याने हाताने धुवावेत. बटण लावायला शिकावं. रात्री नऊला झोपून चारला उठावं आणि उठल्यावर मोबाइल बघू नये. दहा मिनिटांत पोटभर जेवता आलं पाहिजे. दाढी रोज, नखं दर आठवड्याला.

आणि हिंदी! सोलापूरच्या पोरांना कानडी येते, तेलुगू येते, हिंदीही येते म्हणतात, पण हुकूम हिंदीत आणि झपाट्याने येतात. "दाहिने मुड़", "पीछे मुड़", "थम" ऐकल्यावर विचार करायला वेळ नसतो. एक चुकला की पूर्ण प्लाटूनला (तुकडीला) रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, लागतो. फ्रंट रोल मारताना अंगात माती जाते, पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. उस्तादाचा राग त्या मिनिटापुरता असतो.

बेळगावचा पाऊस ही वेगळी गोष्ट. सोलापुरात मेमध्ये त्रेचाळीस डिग्री सोसलेला पोरगा जूनमध्ये तिथल्या लाल चिखलात उभा राहतो. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओले मोजे घालून राहिला की बोटांत चिखल्या आणि जांघेत नायटा ठरलेला. पाय कोरडे करूनच झोपायचं, रात्री पावडर लावायची, ही सवय आजपासून.

डांबरावर बूट घालून पळणं ताबडतोब बंद करा. त्यावर कुणीतरी डॉक्टर माणसाने लिहावं, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो: सेंटरला पोहोचायच्या आधीच पाय दुखावून आलेली पोरं पहिल्या महिन्यात एमआय रूमला (तिथल्या दवाखान्यात) दिसतात.

मोहोळ_एक्सप्रेस

ताई मी पण अग्निवीर, सध्या सुट्टीवर. युनिट, जागा काही लिहिणार नाही, समजून घ्या.

सुभेदार साहेबांनी लिहिलं ते शंभर टक्के. मी एवढंच वाढवतो की पहिले पंधरा-वीस दिवस प्रत्येकाला परत जावंसं वाटतं. शेजारच्या खाटेवरचा पण तेच म्हणत असतो. नंतर रायफल हातात येते, ती खोलायची-जोडायची, फायरिंगला ग्रुपिंग बसायला लागतं (गोळ्या जवळजवळ लागतात), आणि मग मन लागतं. लंगरचं (तिथल्या भटारखान्याचं) जेवण चांगलं असतं, भरपूर असतं, फक्त चव घरची नसते. शेंगा चटणी आठवते लई.

मोबाइल जमा होतो. कधी मिळणार ते सेंटरवर आणि कंपनीवर आहे, बहुतेक रविवारी. घरच्यांनी फोन आला नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

आणि त्याला सांगा, आता हातावर नवीन टॅटू काढायचा नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने सिलेक्शन झाल्याच्या खुशीत दंडावर रेजिमेंटचं चिन्ह काढायचं ठरवलं होतं, वेळेवर अडवला. टॅटूचे नियम कडक आहेत आणि मेडिकल परत होतं.

पहाटे_पार्क_मैदान

मी सोलापुरात पोरांना भरतीसाठी पळवतो. वरची अकॅडमी माझी नाही, पण पद्धत साधारण आमचीही तीच आहे म्हणून बोलतो.

सुभेदार साहेबांचा मान ठेवून सांगतो, आमच्याकडं येणारी पोरं मजुरांची, शेतकऱ्यांची. सिलेक्शन झालं की अर्धी पोरं मैदानावर यायची बंद होतात. सत्कार, बॅनर, गावजेवण, आणि दोन महिन्यांत पोट सुटतं. सेंटरला ५ किलोमीटर हत्यारासह पळायचं असतं, बीपीईटी (फौजेची शारीरिक क्षमतेची चाचणी) पास व्हायची असते. त्यासाठी वजन घेऊन सराव नको का? आराम करा म्हटलं तर ती झोपूनच राहतील. मी आजवर पोरांना मेहनतच शिकवली आणि तीच शिकवणार.

पाय_आणि_पाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. दरवर्षी फेब्रुवारी ते मे माझ्याकडे भरतीवाल्या मुलांची रांग असते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

सर, मेहनत हवीच. प्रश्न ती किती वेगाने वाढवायची याचा आहे. छाती आणि मांड्या तीन-चार आठवड्यांत तयार होतात, पण नडगीचं हाड एवढ्या लवकर तयार होत नाही. हाडावर नवा भार पडला की ते आधी थोडं झिजतं, मग तिथं नवीन हाड भरतं आणि पहिल्यापेक्षा मजबूत होतं. हे भरून यायला वेळ आणि झोप लागते. तो वेळ न देता रोज भार वाढवत नेला की झीज पुढे जाते आणि बारीक चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. जगभरच्या सैन्यांत नव्या रिक्रूटांना होणाऱ्या दुखापतींत ही नेहमीची आहे. दम भरलेला असल्यामुळे मुलाला वाटतं की आपण तयार आहोत, आणि हाड मात्र मागेच राहिलेलं असतं.

त्यात ड्रिलमध्ये टाच आपटायची असते, बूट कडक, जमीन कडक. म्हणजे सेंटरला भार एकदम वाढणारच आहे. तिथं जाताना हाड ताजं हवं, आधीच थकलेलं नको.

सरळ करायचं तर मातीवर पळायचं. एक दिवस पळणं, एक दिवस फक्त बीम, दंड, बैठका, पोहणं किंवा सायकल. आठवड्याचं एकूण अंतर हळूहळू चढवायचं आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका. बूट आधी चालण्यासाठी वापरायचे, तेही थोडा वेळ. वाळूची पिशवी पाठीवर घेऊन चाला, पळू नका. जायच्या आधीचे दहा दिवस अगदी हलके.

आता उन्हाबद्दल. एप्रिलमध्ये सकाळी सातनंतर सोलापुरात पळणं धोक्याचं आहे. पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा ओआरएस. पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, लडखडला, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात झालाय असंच धरा. तिथल्या तिथं कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

सगळ्यात कळकळीचं: दुखतं म्हणून गोळी घेऊन पळायची सवय मला सर्रास दिसते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी, त्यात अंगातलं पाणी कमी, त्यात ऊन, याने किडनी खराब होते. आणि दुखणं झाकलं जातं, हाड मात्र तुटतच राहतं. कुणीही करू नका.

पहाटे_पार्क_मैदान

मॅडम, डांबराचं पटलं. आमच्याकडं मातीचं मैदान संध्याकाळी क्रिकेटवाल्यांनी भरलेलं असतं म्हणून पहाटे रस्ता धरतो. पहाटे मातीवरच घेतो इथून पुढं. गोळ्यांबद्दल मी पण ओरडतो, पोरं मेडिकलमधून गुपचूप आणतात. वजन घेऊन पळण्याबद्दल मात्र माझं मत तुमच्यासारखं नाही, थोडं तरी पळायला पाहिजे.

जुळे_सोलापूर_ताई

मॅडम, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल त्याला सरळ विचारलं. आधी "काही नाही" म्हणाला. रात्री बघितलं तर बाम चोळत बसला होता. उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय, दोन आठवड्यांपासून. पळायला लागलं की दुखतं, थोड्या वेळाने कमी होतं, थांबलं की परत. आईला अजून सांगितलेलं नाही. मला म्हणतो, "तिथं कळलं तर परत पाठवतील, तू कुठं बोलू नको." काय करू?

पाय_आणि_पाठ

ताई, त्याला एका बोटाने दुखणारी जागा दाखवायला सांगा. बोटभर जागेतच टोचल्यासारखं दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाचा संशय घ्यायचा. चार बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि पळून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक हाडाच्या आवरणावरचा ताण असतो. तो बरा होतो, पण थांबलं तरच. तुमच्या वर्णनावरून दुसरं वाटतंय, तरी इथं लिहून निदान होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवाच. एक लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. एक्स-रे साफ म्हणजे चीर नाही असं नसतं, डॉक्टरांना वाटलं तर एमआरआय सांगतील. व्हिटॅमिन डीची तपासणीही करून घ्या.

आजपासून पळणं पूर्ण बंद.

निवृत्त_सुभेदार_बार्शी

ताई, "परत पाठवतील" ही भीती प्रत्येक पोराच्या मनात असते, त्यामुळे यावर मी जरा लांबण लावतो.

सेंटरला दुखापत झाली की सिक रिपोर्ट असतो. एमआय रूमला नाव द्यायचं, डॉक्टर बघतात, लागलं तर मिलिटरी हॉस्पिटल. बरेच दिवस ट्रेनिंग बुडाली तर पोराला रेलिगेट करतात, म्हणजे मागच्या बॅचमध्ये टाकतात. पोरांना वाटतं ही बेइज्जती आहे. आपले सोबती पुढं जातात, आपण मागं राहतो, गावात काय सांगायचं, असं सगळं डोक्यात येतं.

माझ्या प्लाटूनमधली दोन पोरं सांगतो. दोघांना नडगीचं दुखणं. एकाने तिसऱ्या आठवड्यातच येऊन सांगितलं, "उस्ताद, पाय टेकवत नाही." त्याला आराम मिळाला, रेलिगेट झाला, रडला, आणि नंतरच्या बॅचबरोबर कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड) करून गेला. आज तो नायक आहे. दुसरा जास्त तयारीचा, पळण्यात पहिल्या पाचात. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाहेरून मागवलेल्या गोळ्या खाऊन पळत राहिला. एका सकाळी पाच किलोमीटरमध्ये, पूर्ण किट अंगावर, हाड मोडलं. त्याचा आवाज शेजारच्याने ऐकला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पुढे मेडिकल बोर्ड, आणि पोरगा घरी गेला. त्या पोराचे वडील त्याला न्यायला आले होते, त्यांच्याशी काय बोलावं हे मला सुचलं नाही.

आपल्या सेंटरला रेजिमेंटचा इतिहास पाठ करून घेतात. १७६८ ची जंगी पलटण (रेजिमेंटची पहिली बटालियन), दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. पोरं ते ऐकतात आणि समजतात की शूर माणसाने दुखणं सांगायचं नसतं. ती माणसं लढाईत होती, आणि तुम्ही अजून ट्रेनिंगला आहात. लढाईला उभं राहता यावं म्हणून तर ही ट्रेनिंग. दुखणं लपवणारा जवान पुढे पेट्रोलिंगला अख्ख्या सेक्शनला गोत्यात आणतो, म्हणून आम्ही उस्ताद लोक लपवणाऱ्यावर जास्त चिडायचो.

त्याला माझा हा प्रतिसाद वाचायला द्या.

सात_रस्ता

एवढं सगळं करायचं कशासाठी? चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही. चार वर्षांत पोराने दुसरं काही शिकलं असतं.

मोहोळ_एक्सप्रेस

दादा, तुमचं म्हणणं चूक नाही, आम्हाला पण रात्री तोच विचार येतो. पण माझ्या घरचा हिशेब सांगतो. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, त्यातले २१,००० हातात, ९,००० निधीत आणि तेवढेच सरकार टाकतं. चार वर्षांनी व्याजासकट ११.७१ लाखांच्या आसपास. वयाच्या तेविसाव्या वर्षी आमच्या घरात एवढी रक्कम कुणी पाहिलेली नाही. बहिणीचं शिक्षण त्या पगारावर चाललंय.

जुळे_सोलापूर_ताई

सात_रस्ता दादा, घरात याच्यावर महिनाभर बोलणं झालंय आणि निर्णय त्याचा आहे. इथं फक्त तयारीबद्दल बोलूया ही विनंती.

पंढरपूरची_आई

ताई, मी क्वचितच लिहिते. माझा मुलगा महार रेजिमेंटला, सागरच्या सेंटरला ट्रेनिंग करून गेला.

तुमच्या आईंना एक सांगा. फोन आला की वेळ फार कमी असतो, आणि मागं रांग असते. "बरा आहेस का" विचारलं की पोरं "बरा आहे" एवढंच म्हणतात. मी पहिले दोन-तीन फोन तसेच घालवले. मग मी नेमकं विचारायला लागले. पायाला फोड आलाय का, मोजे कोरडे आहेत का, शी साफ होते का, रात्री झोप लागते का. मग तो बोलायचा. एकदा ताप अंगावर काढत होता ते असंच कळलं, आणि मी त्याला शपथ घालून एमआय रूमला पाठवलं.

कसम परेडला मात्र दोघांनी जा. काहीही झालं तरी जा. आम्हाला तिथं गौरव पदक दिलं. यांनी ते घरी आल्यावर विठोबासमोर ठेवलं.

एनसीसी_अक्कलकोट

इथंच विचारते, मुलींसाठीही अग्निवीर आहे ना? आणि आमच्यासाठी वरचा सगळा सल्ला लागू होतो का?

पाय_आणि_पाठ

आहे, मिलिटरी पोलिसमध्ये, ट्रेनिंग बेंगळुरूला. सल्ला मुलींना जास्तच लागू आहे. मुलींमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळतं. हिमोग्लोबिन तपासून घे, वजन कमी करायच्या नादात जेवण तोडू नकोस, आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर ते पळण्यामुळे होतंच असं समजून सोडून देऊ नकोस, दाखव. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, एवढ्यात काम होतं. महागडे डबे घेऊ नकोस.

जुळे_सोलापूर_ताई

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे साफ होता, पण दुखणं दोन आठवड्यांचं म्हणून एमआरआय करायला लावला. हाडाला चीर नाही, आवरणाला सूज आहे. तीन आठवडे पळणं बंद, मग मातीवर चालणं आणि हळूहळू जॉगिंग. व्हिटॅमिन डी खूप कमी निघालं, औषध सुरू आहे. महापालिकेच्या तलावावर पोहायला जातो, बीम घरच्या पत्र्याच्या अँगलला मारतो. सुभेदार साहेबांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला आणि मग स्वतःच आईला सांगितलं. अकॅडमीतल्या सरांना मी भेटले. नाराज झाले, पण अडवलं नाही.

आता दोन छोटे प्रश्न. कागदपत्रं काय लागतील? आणि गेल्यावर पायाबद्दल त्याने सांगायचं की नाही?

निवृत्त_सुभेदार_बार्शी

कागदपत्रांची यादी कॉल लेटरवर असते, तीच अंतिम. मूळ प्रतींबरोबर झेरॉक्सचे तीन-चार संच करा आणि प्रत्येक कागदावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच आहे का ते आजच तपासा. आधारवर एक अक्षर वेगळं असलं तरी तिथं खोळंबा होतो. तुमच्याकडं वेळ आहे, दुरुस्ती होऊन जाईल. अविवाहित असल्याचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरसेवक कुणाचा चालतो तेही पत्रात बघा.

सामान कमी द्या. सुती बनियन-चड्ड्या जास्त, मोजे, सुईदोरा, कुलूप, नेलकटर, पावडर, साधी घड्याळ. खाण्याचं सगळ्यांत वाटून खायला लागतं, म्हणून चटणी दिली तर दहा जणांची द्या.

मेडिकलला विचारलं तर खरं सांगायचं, आणि रिपोर्ट जवळ ठेवायचा. दुखणं परत उठलं तर त्याच आठवड्यात सिक रिपोर्ट. त्याला माझा नंबर हवा असेल तर मंचावर खासगी संदेश करा, जायच्या आधी मी त्याच्याशी बोलतो.

पंढरपूरची_आई

डब्यात कडक भाकरी द्या ताई, टिकते.

करमाळा_भरती

मी पण भरतीची तयारी करतोय, ग्राउंड पुढच्या महिन्यात. मला पण नडगीला दुखतंय, पण एकाच जागी, आणि काल एका पायावर उडी मारून बघितली तर मारता आली नाही. ग्राउंड होईपर्यंत ढकलू का?

पाय_आणि_पाठ

नाही. उद्या सकाळी पळायला जाऊ नकोस, आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. करमाळ्यात सोय नसेल तर सोलापूरला सिव्हिलला ये, हाडांच्या ओपीडीत केसपेपर काढ आणि हे दोन्ही मुद्दे, एकाच जागी दुखणं आणि उडी न मारता येणं, डॉक्टरांना सांग. गोळी घेतली असशील तर तीही सांग. काय निघतं ते इथं कळव.